४८ केबी, खारी हवा आणि काकांचा आवाज

१/ सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. वर्षभराच्या आतच, २३ एप्रिल १९८२ रोजी, इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक जाहीर केला. या दोन घटनांचा संबंध नाही. तो मालवणच्या एका घरात जुळला, चाकरमान्याच्या पिशवीतून.

२/ संगणक भारतात १९९१ नंतर आला, अशी अनेक तरुण वाचकांची समजूत असते. प्रत्यक्षात १९८४-८५ मध्येच 'क्लास' या सरकारी योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले होते. १९८८ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतीय बाजारात आणला.

३/ कोकण रेल्वे अजून धावत नव्हती. मुंबईचे काका गणपतीला रात्रभराच्या एसटीने आले, ते मांडीवर हे यंत्र घेऊन. ते घरच्या कृष्णधवल दूरदर्शन संचाला जोडले गेले आणि शेजारच्या टेपरेकॉर्डरमधून किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला. घरातील वडीलधाऱ्यांनी आरतीपूर्वी तो बंद करण्याचे फर्मान काढले, हे सांगायला नकोच.

४/ तो कर्कश आवाज म्हणजेच खेळ. कॅसेटवर आज्ञावली ध्वनीच्या रूपात साठवलेली असे. ४८ केबी स्मृती भरण्यास सुमारे पाच मिनिटे लागत. मध्येच वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून. भाद्रपदातील मालवणात वीज जाणे ही काही दुर्मीळ घटना नव्हे.

५/ तेव्हा पाच-सहा वर्षांच्या जुन्या झालेल्या 'मॅनिक मायनर'ने (१९८३) त्या घरातील मुलाला वेड लावले. आज ते पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ आहेत. पडद्याच्या कडेला लोडिंगच्या वेळी लाल-आकाशी आणि निळे-पिवळे पट्टे सळसळतात, हे त्यांना कळले ते कित्येक वर्षांनी, एम्युलेटरवर. लहानपणी त्यांनी पाहिले होते फक्त करडे पट्टे.

६/ आता त्यांचे मन खेळांपेक्षा डेमोंत अधिक रमते. डेमोत जिंकणे-हरणे नसते. यंत्राकडून अशक्य ते करवून घेणे, एवढाच हेतू. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ३२ × २४ चौकोन असतात आणि प्रत्येकात एका वेळी दोनच रंग मावतात. चित्रांसाठी वेगळी चिपही नाही, सारा भार ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरवर. तरीही प्रत्येक आज्ञेला लागणारा वेळ मोजून, दूरदर्शनचा किरण नेमका कुठे आहे हे ताडून, कुणीतरी पडद्याच्या चौकटीवरही चित्र उमटवतो. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनची नोंद आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केली. योग्यच केले.

७/ खेळाचा वारसा टिकवणे सिंधुदुर्गाला नवे नाही. सावंतवाडीत दशावतारी गंजिफा अजूनही हाताने रंगवला जातो: दहा अवतार, प्रत्येकाची बारा, अशी १२० गोल पाने. मात्र पाने विकत घेऊन भिंतीवर लावणारे पुष्कळ आणि डाव मांडणारे थोडे. वस्तू उरते, पण खेळणे हरवते.

८/ कॅसेटचे नेमके उलटे. येथे वस्तूच उरत नाही. किनाऱ्यावरील दमट, खारी हवा चुंबकीय फितीवर पांढरी बुरशी चढवते आणि यंत्राच्या जोडण्या गंजवते. म्हणून हे गृहस्थ सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात कॅसेटी ठेवतात, टेपच्या हेडचा बारीक स्क्रू केसभर फिरवून आवाज स्वच्छ करतात आणि तो आजच्या संगणकावर उतरवून घेतात.

९/ पाच मिनिटांची ती ध्वनिफाइल वीस-पंचवीस एमबीची होते. त्यातून उलगडलेली टॅप फाइल पन्नास केबीहून लहान; खेळ मात्र तोच, तंतोतंत. शहाणा माणूस मोठी फाइल पुसून टाकील. त्यांनीही पहिल्या दोन कॅसेटींचे तेच केले.

१०/ तिसरी ऐकताना त्यांचा हात थांबला. कर्कश सूर सुरू होण्यापूर्वी काकांचा आवाज होता. नक्कल करताना काका प्रत्येक खेळाचे नाव बोलून ठेवत : "मॅनिक मायनर. कोणी हात लावू नकात." काकांना जाऊन बरीच वर्षे झाली; त्यांच्या आवाजाची दुसरी नोंद घरात नाही. टॅप फाइलमध्ये केवळ आज्ञावलीचे बाइट उरतात, माणसाचे बोलणे त्यात शिरतच नाही.

११/ पहिल्या दोन कॅसेटी त्यांनी पुन्हा लावल्या. एकीची फीत सुरुवातीलाच तुटली होती. दुसरीवर फक्त "दुसऱ्या बाजूक आसा" एवढेच ऐकू आले. पाचवीवर बुरशी दिसते आहे. तिचे स्क्रू अजून काढलेले नाहीत. पाऊस सरून हवा कोरडी होईपर्यंत ती डब्यातच राहील.