एकशेविसावे पान

मराठीत पोथीचेही पान असते आणि पत्त्यांचेही. या दोन पानांचे नाते केवळ शब्दापुरते नाही, असे मला बंगळूरातील काही पत्तेसंग्राहकांच्या सहवासात वाटू लागले. खास रेखाटून मोजक्याच प्रती छापलेले जोड ही मंडळी हौसेने जमवितात. ज्याचे वेष्टणही फोडलेले नाही, तो जोड त्यांच्या लेखी सर्वांत मोलाचा. खेळाचे साधन न खेळल्यामुळेच मौल्यवान ठरावे, हे मोठे नवल आहे.

अर्थात या प्रांताला ही हौस नवी नाही. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी 'चाड' या नावाने पत्त्यांचे अनेक नवे खेळ रचले; 'श्रीतत्त्वनिधी'च्या 'कौतुकनिधी' या विभागात त्यांचे वर्णन आहे. त्यांतील काही खेळांची पाने तीनशेच्याही वर जातात. असे खेळ राजवाड्याबाहेर फारसे रुजले नाहीत. पण चित्रे म्हणून ती पाने टिकली. रुडॉल्फ फॉन लायडन या मुंबईत राहिलेल्या कलासमीक्षकाने १९७३ साली त्यांवर पुस्तक लिहिले. संग्राहकांचे हे ऋण नाकारता येणार नाही.

आमच्या घरचा जोड मात्र सावंतवाडीचा, दशावतारी गंजिफांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. एकूण १२० वाटोळी पाने. कागदावर चिंचोक्याची खळ चढवायची, वर चितारी रंगकाम करणार आणि शेवटी लाखेचा हात. खेळ तिघांचा. दिवसा डाव रामाने उघडायचा, रात्री कृष्णाने. ही कला विसाव्या शतकात लोपण्याच्या बेतात असता शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चितारी बसवून तिला जीवदान दिले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले. चित्राची सोय झाली. डावाची कोण करणार?

आमच्या जोडातील परशुरामाची सत्ती फार पूर्वी हरवली. आजीने लग्नपत्रिकेचा पुठ्ठा वाटीच्या कडेने गोल कापला आणि त्यावर दौतीतल्या शाईने सात परशू काढले. त्याची पाठ इतर पानांहून निराळी. म्हणून ते पान कोणाच्या हाती आहे हे सर्वांस दिसे. तरीही ते न दिसल्यासारखे खेळायचे, हा आमच्या घरचा अलिखित नियम होता. पाहुण्यालासुद्धा तो न सांगता कळे.

एका संग्राहक स्नेह्यांनी हा जोड मागितला. पाने मोजून ते म्हणाले, "एकशे एकोणीस आहेत. एक पान उपरे आहे." सावंतवाडीहून नवी सत्ती रंगवून घ्यावी, म्हणजे जोड पूर्ण होईल, असा त्यांचा सल्ला. पाठचिकित्सेत आयुष्य घालविलेल्या मला हा तर्क परका नव्हता. प्रक्षिप्त ओवी आपणही तळटीपेत टाकतोच. मात्र पोथीत ओवी घुसते ती पोथी कोणी वाचीत असते म्हणून. कपाटात बंद राहिलेल्या पोथीला वाळवी लागते, प्रक्षेप होत नाही. आजीचा पुठ्ठा हा त्या जोडाचा दोष नसून तो खेळला जात होता याचा पुरावा आहे. नवी सत्ती आली तर संख्या भरेल, पण हा पुरावा जाईल.

आता घरात हा डाव जाणणारे दोघेच उरलो आहोत, मी आणि बेळगावचा माझा चुलतभाऊ. तिसरा गडी नाही. जोड माझ्या कपाटात राहिला काय किंवा त्यांच्या, खेळाच्या दृष्टीने सारखेच. म्हणून तो देण्यास मी तयार झालो. अटी दोन घातल्या. नोंदवहीत पाने १२० लिहावीत, आणि खेळाचे नियम माझ्याकडून शिकून घ्यावेत. दुसरी अट त्यांनी तत्काळ मान्य केली. रविवारी ते मुलीसह येतात, म्हणजे तिघे होतात. पहिल्या अटीविषयी आमची चर्चा अजून चालू आहे.