ऑस्ट्रेलिया शोधायला गेले, दशाश्वमेधावर

ऑस्ट्रेलियन कादंबरी म्हणजे मेंढ्यांचे कळप, लाल माती आणि नजर पोचेल तिथवर ओसाड रान, अशी माझी पक्की समजूत होती. पुण्यात जर्मनची बी-वन परीक्षा कशीबशी पास झाले, तेव्हा आमच्या बाई म्हणाल्या, "आता धडे पुरेत, अख्खी कादंबरी वाच. थोमास मान तुला एवढ्यात झेपायचा नाही. इंग्रजीतून जर्मनमध्ये आलेलं काहीतरी घे. ऑस्ट्रेलियन बघ, जर्मनीत आवडीने वाचतात." तेवढ्यात आईची काशीयात्रा निघाली आणि मी सोबतीला गेले.

गोदौलियाकडून दशाश्वमेध घाटाकडे जाताना एका गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान दिसलं. परदेशी प्रवासी निघताना पुस्तकं विकून जातात, नवे आलेले ती घेतात. हिब्रू, फ्रेंच असे भाषावार गठ्ठे सुतळीने बांधलेले. मी जर्मन गठ्ठा मागितला आणि वर ऑस्ट्रेलियन लेखक आहेत का विचारलं.

"दीदी, जर्मन चाहिए कि ऑस्ट्रेलिया?"

"दोनों."

मालकांनी काही न बोलता सुतळी सोडली.

शेजारी एक जर्मन आजी पुस्तकं चाळत होत्या. माझं अडखळतं जर्मन ऐकून त्या मदतीलाच आल्या. पहिलं पुस्तक मार्कस झुसाकचं, 'दी ब्यूशरडीबिन', म्हणजे 'द बुक थीफ'. लेखक सिडनीचा, पण गोष्ट हिटलरच्या काळात म्युनिकजवळच्या गावातली. त्याची आई जर्मन, वडील ऑस्ट्रियन. दुसरा थॉमस केनिली, तोही सिडनीचाच. 1982 चं बुकर मिळालेली त्याची कादंबरी ऑस्कर शिंडलरवर, आणि घडते पोलंडमध्ये. मग पॅट्रिक व्हाइट, 1973 चा नोबेल विजेता. त्याची 'फॉस' ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात घडते म्हटल्यावर मी सरसावले, तर नायकच जर्मन! 1848 मध्ये मोहिमेवर निघून बेपत्ता झालेल्या लुडविग लाइखहार्टवर बेतलेला. ऑस्ट्रेलिया शोधायला जावं, तर मी पुन्हा पुन्हा जर्मनीतच पोचत होते.

शेवटी आजींनी विटेएवढा जाड ठोकळा काढला. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्सची 'शांताराम'. हा गृहस्थ 1980 मध्ये मेलबर्नच्या तुरुंगातून दिवसाढवळ्या पळाला, मुंबईत राहिला, महाराष्ट्रातल्या खेड्यात मराठी शिकला, आणि 1990 मध्ये पकडला गेला तो फ्रँकफर्टला. आजी म्हणाल्या, हे पुस्तक वाचूनच त्या भारतात आल्या. मी म्हटलं, मी महाराष्ट्रातलीच. त्यांनी ते माझ्या हातात कोंबलं.

आरतीला जागा धरून आई पायरीवर बसली होती, मी शेजारी पुस्तक उघडलं. घाबरतच. पण पानं चक्क सरकायला लागली. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीच्या सवयीने वाचणाऱ्याचा तिथे जीव जातो. मराठी माणूस जन्मभर क्रियापदाची वाटच पाहत असतो, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. शब्द अडत होते, पण कुलाबा, झोपडपट्टी, धो धो पाऊस ही मुंबई माझ्या ओळखीची. शब्दकोश न उघडता अर्थ लागायचा.

आई डोकावली. "मुंबईची गोष्ट वाचायला काशीत येऊन जर्मन पुस्तक? मराठीत नाही मिळत?"

मिळतं. अपर्णा वेलणकरांचा अनुवाद मेहता प्रकाशनाने काढलाय. पुण्याला आल्यावर तो शेजारी ठेवून मी अडलेली पानं सोडवली.

इकडे घाटावर शेजारचे गुरुजी तेवढ्यात आईला सांगत होते, हा घाट 1748 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधला, पुढे अहिल्याबाईंनी पुन्हा बांधून काढला. आई म्हणाली, "म्हणजे आपलाच की!" गुरुजी हसले. "माई, जो नहाए उसका."

परतल्यावर बाईंना माझा गोंधळ सांगितला, तर त्यांनी त्यात भरच घातली. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' ही 1974 ची मराठी कादंबरी. शुभा स्ली यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद 1980 मध्ये कुठून निघाला? क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून, ऑस्ट्रेलियातून. पुढे ती जर्मनमध्येही गेली. नगरकरांना जर्मन वाचकांनी डोक्यावर घेतलं आणि 2012 मध्ये जर्मन सरकारने त्यांना सन्मानपदकही दिलं.

ऑस्ट्रेलियाचं रान मला अजून भेटलेलं नाही, आणि आता घाईही नाही. पुस्तक कोणत्या देशाचं, हा प्रश्न दुकानात कप्पे लावण्यापुरता ठीक आहे. नव्याने जर्मन शिकणाऱ्यांना एवढंच सांगते: पहिली कादंबरी लेखकाचा देश बघून निवडू नका. जिथले रस्ते तुम्ही पायांनी तुडवलेत, तिथली गोष्ट घ्या. भाषा परकी असली तर चालते, गाव ओळखीचं हवं.