महाकाव्य, तोफ आणि मक्याचा घाटा

लहानपणी ज्यूल व्हर्न वाचलेला माणूस दोन नावं विसरत नाही. एक नॉटिलस, ती पाणबुडी. दुसरं कोलंबियाड, म्हणजे चंद्रावर गोळा डागणारी ती नऊशे फूट लांबीची तोफ. भा. रा. भागवतांच्या अनुवादांच्या कृपेनं आमच्या पिढीचा अर्धा मे महिना व्हर्नबरोबर गेला, आणि ही नावं त्याच्याच डोक्यातून निघाली अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. ती चुकीची निघाली. दोन्ही नावांचा माग काढत गेलं की आपण पॅरिसमधल्या एकाच घराच्या दारात येऊन उभे राहतो.

ते घर जोएल बार्लोचं. अमेरिकेच्या पहिल्या पिढीतला हा कवी आणि राजकीय विचारवंत. १८०० साली फ्रान्समध्ये नॉटिलस नावाची पाणबुडी बुडवून पुन्हा वर काढणारा रॉबर्ट फुल्टन तेव्हा बार्लो आणि त्याची बायको रूथ यांच्याकडे घरच्यासारखा राहत होता. ‘कोलंबियाड’ हे तर बार्लोच्याच महाकाव्याचं नाव, आणि ते अर्पण केलंय फुल्टनला. पुढे १८११ च्या सुमारास जॉर्ज बॉमफर्ड या लष्करी अधिकाऱ्यानं घडवलेल्या तोफेला हे नाव मिळालं ते बहुधा याच काव्यावरून. बॉमफर्डनं नंतर रूथच्या बहिणीशी लग्न केलं, म्हणजे मामला घरातलाच. गंमत अशी की या महाकाव्याचा शेवट होतो तो जगातली युद्धं संपून सगळ्या राष्ट्रांची एक सभा भरते तिथे. जमलेले प्रतिनिधी आपापल्या पूर्वग्रहांची चिन्हं पायदळी टाकतात. काव्य लोक विसरले. नाव तोफेला चिकटून राहिलं.

काव्य विसरलं जाण्यात लोकांचा दोष नाही. मी ते वाचायला तीनदा घेतलं आणि तीनदा मध्येच ठेवून दिलं. म्हातारा कोलंबस स्पेनमध्ये कैदेत पडलाय, एक दिव्य पुरुष येऊन त्याला डोंगरावर नेतो आणि अमेरिकेचं सगळं भविष्य दाखवतो. असे दहा सर्ग. नद्या, डोंगर, सेनापती, लढाया, सगळं उंचावरून आणि लांबून. आफ्रिकेचा रक्षक अ‍ॅटलस उठून गुलामगिरीबद्दल अमेरिकेला फटकारतो, तेवढ्या जागी अंगावर काटा येतो. मग पुन्हा डोंगर, पुन्हा सेनापती. याचा पहिला अवतार १७८७ चा, नाव ‘व्हिजन ऑफ कोलंबस’. तो बार्लोनं फ्रान्सच्या सोळाव्या लुईला अर्पण केला होता. राजानं पंचवीस प्रती घेतल्या, जॉर्ज वॉशिंग्टननं वीस. वीस वर्षं घासूनपुसून, सुंदर चित्रं घालून, १८०७ साली फिलाडेल्फियात ‘कोलंबियाड’ छापलं. पुस्तक देखणं आहे, हे मान्य.

या दोन पुस्तकांच्या मधली वीस वर्षं मात्र कुठल्याही महाकाव्यापेक्षा रंगतदार आहेत. १७८८ साली बार्लो युरोपात गेला तो जमीन विकायला. सायोटो नावाच्या कंपनीचा माल: ओहायो नदीकाठचं सुपीक जंगल. जोडीला विल्यम प्लेफेअर, पुढे आपल्या शाळेच्या पुस्तकांत शिरलेले स्तंभालेख ज्यानं आधीच जगाला दिले होते तोच. क्रांतीच्या धामधुमीला घाबरलेल्या फ्रेंच कुटुंबांनी कागद विकत घेतले आणि बोटीत बसली. त्यांत शेतकरी थोडे, केसांचे टोप बनवणारे आणि नक्षीकाम करणारे कारागीर पुष्कळ. पलीकडे पोचल्यावर कळलं की कंपनीकडे जमिनीची मालकीच नव्हती. १७९० मध्ये गॅलिपोलिस नावाच्या गावी ओंडक्यांच्या झोपड्यांत त्यांचा संसार सुरू झाला. पाच वर्षांनी अमेरिकी काँग्रेसनं त्यांना चोवीस हजार एकर देऊन थोडी लाज राखली.

बार्लो स्वतः लबाड नव्हता, फसवला गेला होता, असंच बहुतेक चरित्रकार म्हणतात. मलाही ते पटतं, पण पूर्ण नाही. आमच्या एका काकांनी शहराबाहेर प्लॉट घेतला होता. माहितीपत्रकात कारंजं होतं, बाग होती, सातबारा तेवढा शेवटपर्यंत नावावर झाला नाही. विकणारा गृहस्थ त्या कारंज्याबद्दल बोलायला लागला की त्याचे स्वतःचेच डोळे भरून यायचे म्हणे. बार्लोचं तसंच असणार. डोंगरावरून भविष्य दाखवणारा तो दिव्य पुरुष आणि पॅरिसच्या कचेरीत नकाशा पसरून बसलेला हा एजंट, दोघांकडे माल एकच होता.

त्याचं गद्य मात्र खणखणीत आहे. १७९२ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘अ‍ॅडव्हाइस टू द प्रिव्हिलेज्ड ऑर्डर्स’ या पुस्तकात तो सरदारांना आणि धर्माधिकाऱ्यांना समजावतो की तुमची सत्ता तलवारीवर उभी नाही. लोकांच्या विचार करण्याच्या सवयीवर उभी आहे, आणि सवय मोडते. पुढे म्हणतो, ज्याला सरकारनं आधी काही शिकवलं नाही त्याला शिक्षा करण्याचा हक्क सरकारला नाही. हे वाचताना मला जोतीराव फुले आठवले, आणि आठवायला कारणही आहे. जोतीरावांनी तरुणपणी वाचलेल्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा कर्ता टॉमस पेन हा बार्लोचा दोस्त. १७९३ च्या डिसेंबरात पेनला पॅरिसमध्ये अटक झाली तेव्हा ‘एज ऑफ रीझन’चं हस्तलिखित त्यानं बार्लोच्या हातात सोपवलं.

बार्लो एकेकाळी अमेरिकन सैन्यात पाद्री होता. हाच माणूस १७९६ मध्ये अल्जीयर्सला वकील म्हणून गेला आणि अकरा अकरा वर्षं खितपत पडलेले अमेरिकन खलाशी त्यानं सोडवून आणले. त्याच वेळच्या ट्रिपोलीच्या तहात, अमेरिकेचं सरकार ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, असं स्पष्ट कलम आहे. त्या तहाचा इंग्रजी पाठ बार्लोच्या हातचा. सेनेटनं तो १७९७ च्या जूनमध्ये एकमतानं मंजूर केला.

पण मला बार्लो आवडायला लागला तो एका खानावळीत.

१७९३ चा जानेवारी. फ्रान्सनं नुकताच साव्हॉय प्रांत ताब्यात घेतला होता आणि बार्लो शांबेरी गावात फ्रेंच राष्ट्रसभेच्या निवडणुकीचा प्रचार करत होता. पॅरिसमध्ये त्याच महिन्यात सोळाव्या लुईचं डोकं उडालं, म्हणजे ज्यानं पंचवीस प्रती घेतल्या होत्या त्याचं. राजेशाही मोडा, असं राष्ट्रसभेला लिहून कळवणाऱ्यांत बार्लो होताच. अशा दिवसांत त्याच्यापुढे एक ताट आलं. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात ढवळून शिजवलेला घट्ट घाटा. न्यू इंग्लंडमध्ये याला हेस्टी पुडिंग म्हणतात. पाच वर्षं घर सोडलेल्या माणसाच्या तोंडाला घरचा घास लागला, आणि त्यानं तीन सर्गांचं काव्य लिहून काढलं.

इथे डोंगर नाही, दिव्य पुरुष नाही. मका पेरण्यापासून कणसं सोलण्यापर्यंत सगळं हाताच्या अंतरावर आहे. कणसं सोलायला रात्री गाव जमतं. ज्याला लाल दाण्यांचं कणीस सापडेल त्याला मुका घ्यायची मुभा. घाटा दुधात कसा सोडावा, वाडगा कसा असावा, चमचा किती खोल असावा, यावर तो हातातली सगळी कामं टाकून बोलतो. पेनसिल्व्हेनियाचे लोक याला ‘मश’ म्हणतात आणि हडसनकाठचे डच ‘सपॉन’, याचा त्याला आलेला राग तर खास आपल्याकडचा. थालीपिठाला कुणी पॅनकेक म्हणालं की आमच्या घरात असंच होतं. माझी हाडंच मक्याची आहेत, असं तो सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो. राष्ट्र म्हणजे काय, हे दहा सर्गांत त्याला सांगता आलं नव्हतं. इथे ते एका वाडग्यात मावलं. निवडणुकीत तो पडला. आजही अमेरिकन कवितेच्या निवडक संग्रहांत बार्लोचं जे काही छापतात, त्यात हा घाटा असतो.

आणि दुसरी एक कविता असते. १८११ मध्ये अध्यक्ष मॅडिसन यांनी त्याला फ्रान्समध्ये राजदूत नेमलं. व्यापाराच्या करारासाठी नेपोलियननं त्याला भेटीला बोलावलं ते विल्नो शहरात, रशियावरच्या स्वारीच्या पिछाडीला. बार्लो पोचला आणि समोरून मॉस्कोहून परतणारी फौज गोठत आली. भेट झालीच नाही. सम्राट घसरगाडीत बसून पॅरिसकडे निघून गेला होता. त्या डिसेंबरात बार्लोनं आपल्या पुतण्याला एक कविता सांगितली: रशियातल्या डोमकावळ्याला उपदेश. बाबा, इथे कशाला आलास? इथली प्रेतं दगड झालीत, डोळ्यांत चोच रुतणार नाही. दक्षिणेकडे परत जा, तुझा अन्नदाता नेपोलियन तिकडे ऊन ऊन मेजवानी मांडेलच.

आपल्याकडे कावळा पिंडाला शिवला नाही तर माणसाचं काहीतरी राहून गेलं म्हणतात. इथे मैलोगणती माणसं पडलीत आणि कावळ्याची इच्छा असूनही शिवता येत नाही. तर्कबुद्धीनं जग सुधारेल असं वर्षानुवर्षं सांगत आलेल्या माणसानं हे लिहिलंय. त्यात भविष्य नाही. जे गाडीच्या खिडकीतून दिसलं तेवढंच आहे, आणि संताप. इतका थंड संताप मी फार थोड्या कवितांत वाचलाय.

ती कविता त्याच्या हयातीत छापली गेली नाही. परतीच्या वाटेवर त्याला न्यूमोनिया झाला आणि २६ डिसेंबर १८१२ रोजी क्राकोजवळच्या झार्नोव्येत्स या पोलिश खेड्यात तो गेला. रूथ तेव्हा पॅरिसमध्ये होती. झार्नोव्येत्सच्या चर्चमध्ये त्याच्या नावाचा लॅटिन शिलालेख आहे. त्यात ओळख दिली आहे ती राजदूत म्हणून, आणि प्रवासात असताना इथे वारला, एवढंच.