अनेरकाठचे देणे

शोधनिबंधाच्या शेवटी आभाराचा परिच्छेद असतो. त्यात अनुदान देणारे येतात, मार्गदर्शक येतात, यंत्र वापरू देणारा विभागही येतो. ज्याच्या तळ्यातला मासा आपण चिरला, त्याचं नाव तिथे सहसा नसतं. माझ्या बाबतीत ते नाव आप्पांचं.

आप्पा भोई. हयात तापी आणि अनेरवर जाळं टाकण्यात गेली. उतारवयात ते चोपड्याकडच्या एका शेततळ्याची राखण करत. अनेर ओलांडली की धुळे जिल्हा, त्यामुळे शिरपूरकडचे तळेवालेही त्यांनाच बोलावत. मी जळगावला प्राणिशास्त्र शिकून वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत गेले, माशांच्या विषाणूंमागे लागले आणि सुट्टीत घरी आले की बरण्या घेऊन आप्पांच्या बांधावर जाई.

काठाला लागलेल्या मेल्या माशांना ते हात लावू देत नसत. "मरेल मासा तुले काय सांगी वं माय?" म्हणत कडेने एकटा, तिरका पोहणारा मासा हेरून जाळ्यात घेत. मासा सडू लागला की त्यात जिवाणू माजतात आणि विषाणूचा माग पुसट होतो, हे पुस्तकात होतं; असा मासा पाण्यात कसा ओळखायचा, ते पुस्तकात नव्हतं. त्यांचं निदानही साधं असे. आभाळ भरलेल्या रात्रीनंतर पहाटे सगळ्याच जातींचे मासे, त्यातही मोठे आधी, उलटे झाले तर पाण्यात हवा कमी पडली. रोहू-कटला खुशाल चरताहेत आणि एकटी चिलापी दिवसामागून दिवस मरतेय, तर दुखणं. विषाणू आपला मासा निवडून घेतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

2022 च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी निघाला, त्या साथीतला राज्यातला पहिला. गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली, तेव्हा आप्पांनी विचारलं, "ढोरेसले लस उनी, मासासले कव्हय?"

मी बांधावर बसून सांगू लागले. लम्पीचा आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून एकाची लस दुसऱ्यावर चालली. चिलापीचा विषाणू 2014 मध्ये इस्रायलमध्ये ओळखला गेला, 2018 मध्ये भारतातूनही त्याची नोंद झाली; त्याला असा जवळचा नातलग नाही, म्हणून उसनी लसही नाही. विषाणू वाढवायचा तर जिवंत पेशी लागतात, त्याही माशाच्या. आपल्याकडे अशा पेशी वर्षानुवर्षं जगवण्यात तामिळनाडूतल्या मेलविशारमच्या सी. अब्दुल हकीम कॉलेजातले साहुल हमीद यांचा मोठा वाटा. पुढे विषाणू मारून किंवा त्याचं एखादंच प्रथिन घेऊन लस बनवायची. पण द्यायची कशी? सुईने द्यायची तर एकेक बोटुकली धरा, भूल द्या, पोटात टोचा. खाद्यातून द्यावी तर ती पोटात पचून जाण्याची भीती. शिवाय मासा थंड रक्ताचा, त्याची प्रतिकारशक्ती पाण्याच्या तापमानावर चालते. थंड देशातल्या सामनला 500 अंश-दिवसांचा हिशेब लावतात, म्हणजे 10 अंशांच्या पाण्यात 50 दिवस थांबायचं. आपल्या कोमट पाण्यात काम लवकर होतं. पण मे महिन्यात तळं आटून ताण वाढला की लस घेतलेला मासाही दुबळा पडतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संस्थेने जिताड्यासाठी 'नोडाव्हॅक-आर' ही विषाणूविरोधी लस तयार केली आहे. जिताडा महागडा, त्याला टोचणं परवडतं. चिलापीच्या भावात तो खर्च बसायला हवा.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू लई गयी त्यासन्हं काय निंघनं, ते तं सांग."

निकाल अहवालात जात. तळ्यावर परतत नसत. त्या दिवसापासून नमुन्याच्या चिठ्ठीवर मी तळेवाल्याचा फोन नंबर लिहिते आणि निकाल आधी त्याला कळवते, 'काही सापडलं नाही' असा असला तरी. हाताखालच्या मुलांनाही तीच शिस्त आहे.

आप्पा आता नाहीत. त्यांच्या चिलापीची लस त्यांच्या हयातीत तळ्यावर आली नाही. ती येईल तेव्हा तळेवाल्याला आपला मासा आमच्या सुईखाली द्यावा लागेल, आणि ज्याच्या माशाचं काय झालं हे आम्ही कधी सांगितलंच नाही, तो का देईल? लशीच्या कामातला हा भाग मला प्रयोगशाळेत कुणी शिकवला नव्हता. तो आप्पांचा आहे.