कच्ची वही, पक्की वही

आम्हा कलाशाखेच्या मंडळींना यंत्राचं नाव काढलं की जांभया येतात. वार्षिक अंकात कविता, प्रवासवर्णन, फार तर एखादी नाट्यछटा द्यावी, असा शिरस्ता. तरीही मी राउटरवर लिहिते आहे. आमचा दादा या यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, आणि त्याच्या तोंडून ऐकता ऐकता हा विषय मला भाषेच्या तासाइतकाच रंजक वाटू लागला.

राउटर म्हणजे टपाल कचेरीतला छाननी करणारा माणूस. कुठलं पाकीट कुठल्या वाटेनं धाडायचं हे तो ठरवतो. सिस्को कंपनीच्या जुन्या धाटणीच्या राउटरात चार तऱ्हेच्या स्मृती असतात. यंत्र चालू झालं की पहिल्यांदा रॉममधला छोटा कार्यक्रम जागा होतो, हातपाय धड आहेत ना हे तपासतो आणि फ्लॅशमध्ये ठेवलेली मुख्य प्रणाली शोधून रॅममध्ये आणतो. मग एनव्हीरॅममधली ‘स्टार्टअप-कॉन्फिग’ नावाची फाईल वाचली जाते. तू कोण, तुझी दारं किती, कुठल्या दारानं काय पाठवायचं, हे सारं तिच्यात. ती फाईल सापडली नाही तर बिचारं यंत्र स्वतःचं नावही विसरतं आणि पहिल्यापासून माहिती भरायची आहे का, असं विचारत बसतं!

प्रत्यक्ष कारभार मात्र रॅममधल्या ‘रनिंग-कॉन्फिग’वर चालतो. आपण केलेला बदल तिथे तत्क्षणी लागू होतो, पण वीज गेली की पुसला जातो. गूळ बाजारातल्या अडत्याची कच्ची वही आणि पक्की वही असते ना, तसंच हे. कच्चीतलं पक्कीत उतरवायचं तर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ अशी आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. यंत्र आपण होऊन उतरवून घेत नाही. मला हा निव्वळ वेंधळेपणा वाटे. घरातलं कुणी असं वागलं असतं तर आजीनं त्याला दोन शब्द सुनावले असते.

2019 च्या ऑगस्टात माझं मत बदललं. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी तिच्याही पुष्कळ वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बुडाला. आमची आत्या पलीकडे, शिरोलीत. तिच्या घराला ज्या राउटरवरून लाईन जाते तो तिथल्याच एका माळ्यावर होता, इन्व्हर्टरच्या जिवावर. मोबाईलला रेंज येईना. राउटरची मुख्य तार पाण्यात गेलेली. एक बारीक बिनतारी वाट तेवढी उरली होती. दादा तिच्यावरून यंत्रापर्यंत पोचला, पण गिऱ्हाइकांची पाकिटं अजून मेलेल्या तारेकडेच निघाली होती.

वाट बदलायची तर धोका होता. एक अंक चुकला तर दादाचाच संपर्क तुटणार, आणि तिथे जाऊन यंत्राला हात लावायला होडीशिवाय रस्ता नाही. त्यानं आधी ‘रीलोड इन 10’ अशी आज्ञा दिली. म्हणजे दहा मिनिटांनी स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू हो. मग बदल केला. पडदा थिजला. कळ दाबली तरी उत्तर नाही.

“दादा, गेलं का रे?”

“थांब. दहा मिनिटं बोलू नकोस.”

ती दहा मिनिटं आणि वर यंत्र उठायला लागलेला वेळ आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढला. मग पडद्यावर ओळ उमटली. यंत्र कच्च्या वहीतलं सगळं विसरून पक्की वही वाचून उठलं होतं, आणि चुकीचा बदल त्या विसरण्यात वाहून गेला होता.

“आधीच जतन करून का नाही ठेवलंस?” मी विचारलं.

“अगं खुळे, मग चूकपण जतन झाली असती की!”

दुसऱ्या खेपेला अंक ताडून घेतले. बदल लागला, संपर्क टिकला. त्यानं आधी ते ठरलेलं रीलोड रद्द केलं. मला वाटलं आता लगेच उतरवून घेईल, कारण इन्व्हर्टरचा काय भरवसा? वीज तुटती तर यंत्र पुन्हा त्या बुडालेल्या तारेकडेच तोंड करून बसतं. पण तो म्हणाला, “आधी आत्याला लागतंय का बघ.”

लागलं. आवाज तुटत होता. “पाणी दुसऱ्या पायरीवर आहे. आम्ही वरच्या मजल्यावर. भाकरी आहेत दोन दिवसांच्या. तुमच्याकडं नळाला पाणी येतंय का गं?”

मी दादाकडे पाहून मान हलवली. त्यानं ती लांबलचक आज्ञा टाईप केली, आणि तिचा मजकूर आपल्या संगणकावरही उतरवून घेतला. फाईलच्या नावापुढे त्यानं तारीख घातली आणि त्यापुढे, कामात कधी न वापरलेला, एकच शब्द: आत्या.