जुनी वखार आणि नवी कचेरी

वखार हा शब्द कानी पडताच आमच्या डोळ्यांपुढे सुरतेच्या व राजापुरच्या इंग्रजांचा आणि वेंगुर्ल्याच्या डचांचा व्यापार उभा राहतो. पुढे हा शब्द लाकडे आणि कोळसा विकणाऱ्यांच्या आवारापर्यंत खाली उतरला, आणि त्या इमारतींची प्रतिष्ठाही त्याच्यामागोमाग उतरली.

आम्ही ज्या शिक्षणसंस्थेत उमेदीची सारी वर्षे घालविली, तिला खाडीकाठची अशीच एक वखार देणगीदाखल मिळाली आहे. जांभ्याच्या रुंद भिंती, सागवानी तुळया, मंगलोरी कौले. संस्थेची कचेरी तेथे न्यावी यावर दुमत नव्हते. ती कशी न्यावी यावर मात्र कार्यकारी मंडळात दोन तट पडले. तरुण सभासदांचे म्हणणे असे की, जुने पाडून काचेच्या दर्शनी भागाची नवी इमारत बांधावी, छपरावर सौरऊर्जेची तावदाने बसवावीत, म्हणजे निसर्गाचेही भले होईल. आमचे मत निराळे पडले. जुन्याचा मोह आम्हांस आहे, नाही असे नाही. पण हे मत त्या मोहाचे नव्हे, हिशेबाचे आहे.

सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंश उष्णतेवर भाजावी लागते. त्या वेळी इंधनाचा धूर तर निघतोच, पण खुद्द दगडातूनही कार्बन-डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. मनुष्यजात हा वायू जितका हवेत सोडते, त्याचा 7 ते 8 टक्के भाग एकट्या सिमेंटच्या माथी येतो. जुन्या भिंतींपायी निसर्गाने जे सोसावयाचे ते केव्हाच सोसून झाले आहे. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी झटणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने 2011 साली याचे गणित मांडले. नवी इमारत जुनीहून 30 टक्के कमी ऊर्जा खाणारी असली, तरी तिच्या बांधणीत झालेली हानी भरून निघण्यास 10 ते 80 वर्षे लागतात.

त्याच अहवालातील एक अपवाद मात्र आमच्याच पक्षास अडचणीचा आहे. आणि तो झाकून ठेवणे वकिलास शोभेल, शिक्षकास नव्हे. वखारीची राहती घरे केली, तर हा लाभ उरत नाही. वखार म्हणजे नुसते कवच. तिच्या पोटात इतके नवे सामान भरावे लागते की, जुने राखल्याचे पुण्य त्यातच खर्ची पडते. तेव्हा खरा वाद पाडावे की राखावे हा नसून, आत किती कोंबावे हा आहे. खोटी छते आणि खोलीगणिक वातानुकूलनाची यंत्रे बसवावयाची असतील, तर आम्ही भांडण तरी कशासाठी करावे?

ऑरेगन प्रांतातील पोर्टलंड येथे 1895 साली बांधलेली विटांची व लाकडी तुळयांची एक वखार 2001 साली कचेऱ्यांसाठी खुली झाली. तिच्या तुळया उघड्याच ठेवल्या आहेत, आणि छपरावर झाडोरा लावला आहे. हे आम्ही सभेत सांगताच एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, छपरावर गवत मुद्दाम कशाला लावावयाचे? आपल्याकडे पावसाळ्यात ते आपणहून उगवते!” सभा हसली, आणि आमच्या पक्षास दोन मते अधिक मिळाली.

मतदानानंतर मुख्य लिपिक हळूच आमच्याकडे आले. “सर, भिंतींना ओल येते. मुलांच्या दाखल्यांची जुनी रजिस्टरे तिथे ठेवायची म्हणजे भीती वाटते.” ही भीती खोटी नव्हे, कित्येक कुटुंबांच्या जन्मतारखेचा पुरावा त्या रजिस्टरांखेरीज दुसरीकडे नाही. भिंत खरवडून पाहिली, तेव्हा कोणीतरी मागे जांभ्यावर सिमेंटचा गिलावा चढविल्याचे दिसले. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट तिला आत कोंडते. तो गिलावा आता काढावयाचा आहे. वाळवीने खाल्लेल्या दोन तुळया बदलावयाच्या, उजेडासाठी अधूनमधून काचेची कौले घालावयाची, बुजविलेले झरोके उघडावयाचे आणि पागोळ्यांचे पाणी टाकीत घ्यावयाचे, एवढेच बाकीचे काम. चुन्याचे काम जाणणारा एक म्हातारा गवंडी शेजारच्या गावात मिळाला आहे. चुना महिनाभर भिजल्यावाचून थापीला हात लावणार नाही, असे त्याने बजावले आहे. म्हणून आरंभ दिवाळीनंतर. तोवर रजिस्टरे जुन्याच कपाटात राहतील.