ताम्रपुष्पी

माघ सरत आला की प्रकाशा गावच्या घाटावर सकाळ लवकर जागी होते. महाशिवरात्र अजून दोन दिवसांवर असते, पण केदारेश्वरापुढे टोपल्या येऊन बसलेल्या असतात. बेल, धोत्रा, रुई, कण्हेर. तापीवरून येणारा वारा गार, आणि ऊन मात्र आतापासूनच खानदेशी. लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात. इथे स्नान केलं की काशीला जायचं राहिलं याची रुखरुख उरत नाही, असं मानणारी माणसं मी पाहिली आहेत. मी त्या टोपल्यांमध्ये दरवर्षी एक फूल शोधतो. ते तिथे कधीच नसतं.

ते फूल धायटीचं. याच दिवसांत, उत्तरेकडे सातपुड्याच्या उतारांवर गवत वाळून गेलेलं असतं, साग उघडे पडलेले असतात आणि तिथे ही पुरुषभर उंचीची झुडपं पेटल्यासारखी दिसतात. पानं बरीचशी गळून गेलेली, आणि फांदीच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसती लाल फुलं. देठाला एक, टोकाला एक अशी नव्हेत, फांदीच फुलांची. केदारेश्वरासमोरच्या दगडी दीपमाळेवर सगळे दिवे एकदम लावावेत, तशी. जवळ जाऊन पाहिलं तर कळतं की तो रंग पाकळ्यांचा नाहीच. पाकळ्या इतक्या चिमुकल्या की शोधाव्या लागतात. खालची पुष्पकोशाची वाकडी नळी तांबडी, आणि तिच्यातून बाहेर डोकावणारे पुंकेसर. नळीच्या तळाशी मध. शिंजीर त्या फांद्यांवर उलटे लटकून चोच खुपसतात, आणि डोंगरातली पोरंही फूल तोडून देठाकडून चोखतात. फूल संपलं तरी नळी गळत नाही. ती फळाला कवटाळून राहते, म्हणून रंग मागे रेंगाळतो.

संस्कृतात धायटीला धातकी म्हणतात, ताम्रपुष्पी म्हणतात, वह्निज्वाला म्हणतात. यांतलं ताम्रपुष्पी मला प्रकाशा गावचं वाटतं. इथल्या पांढरीच्या टेकाडात 1955 साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, आणि तापीच्या खोऱ्यातलं एक ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आलं. माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगवलेली खापरं निघाली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं तापी-गोमाईच्या या संगमावर राहात होती, तांबं ओळखत होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी सातपुड्याच्या पायथ्याला गेलेल्या त्यांच्यातल्या कुणाला ही झुडपं दिसली असतील, तर त्याला हाच धातू आठवला असेल, असं माझ्या मनात येत राहतं. खापरांतून हे कळणार नाही. पण डोंगर तोच आहे, आणि गोमाई तेव्हाही त्याच डोंगरातून उतरून तापीला मिळत होती.

संगमाच्या या परिसरात पुष्पदंतेश्वराचं देऊळ आहे. पुष्पदंत गंधर्वाची गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक: तो अदृश्य होऊन राजाच्या बागेतली फुलं चोरायचा. राजाने वाटेवर शिवाचं निर्माल्य पसरलं, ते तुडवलं गेलं आणि गंधर्वाची शक्ती गेली. मग त्याने शिवमहिम्न स्तोत्र रचून शंकराची करुणा भाकली. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीत मला एकच गोष्ट खुपते. चोरण्याजोगी फुलं म्हणजे बागेतली, हे ती धरूनच चालते. डोंगरावरच्या फुलांना राखणदार नाही, म्हणून त्यांची चोरी नाही, आणि चोरी नाही म्हणून किंमतही नाही.

किंमत खरं तर आहे. वैद्यांना ती फार पूर्वीपासून कळली. आसव आणि अरिष्ट तयार करताना काढ्यात गूळ घालतात आणि वर धायटीची वाळलेली फुलं; त्यांच्या मधावर वाढलेलं यीस्ट काढ्याला आंबवतं. कित्येक औषधी बाटल्यांमागे हे फूल असतं आणि पिणाऱ्याला पत्ता नसतो. फुलांतून तांबडा रंगही निघतो. ज्या गौण वनोपजांना केंद्र सरकारने आधारभूत किंमत ठरवून दिली, त्यांच्या यादीत धायफूल आहे. उन्हात वाकून ती चिमूटभर फुलं वेचणाऱ्या बायांचे हात आठवले की कुठलाही भाव मला कमीच वाटतो.

फक्त अंगणात धायटीला जागा नाही. आमच्या इकडच्या बंगल्यांच्या कुंपणावर बोगनवेल आहे, ती ब्राझीलकडची. देवळाच्या आवारात शोभणारा पांढरा चाफा अमेरिकेतून आलेला. घाणेरीसुद्धा शोभेचं झुडूप म्हणूनच बाहेरून आणली, आणि आज तिने डोंगर व्यापले आहेत. चाफ्याशी माझं वैर नाही. त्याचा वास देवाला आवडत असणारच. पण मेंदीच्या आणि तामणीच्या कुळातलं हे आपलं झुडूप मी रोपवाटिकेत मागितलं, तेव्हा पलीकडच्या माणसाने नावच दोनदा विचारलं.

शेवटी बी आणलं. भुकटीसारखं असतं ते. मातीत पुरायचं नाही, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं. तापीकाठची काळी कसदार माती केळीला सोन्यासारखी, पण धायटीला ती पाय गुदमरवणारी वाटते. दोन पाट्या मुरूम मिसळला, उंचवटा केला, भिंतीलगतची सगळ्यात तापणारी जागा दिली. पहिली रोपं मी मायेने मारली: रोज पाणी घातलं. दुसऱ्या खेपेला तीन जगली. बहर संपल्यावर, पावसाआधी फांद्या छाटायच्या; पुढच्या वर्षीची फुलं नव्या फांद्यांवर येतात.

यंदा त्यांतल्या एकाला फुलं आली. मोजकीच, दोन फांद्यांवर. शिवरात्रीला पहाटे मी त्यातली मूठभर खुडली, बेलाच्या पानांत गुंडाळली आणि घाटाकडे निघालो. गाभाऱ्यापाशी उभ्या म्हाताऱ्या आजीबाईंनी माझ्या ओंजळीत डोकावून पाहिलं.

"धायटी ना रे बाबा ही?" त्या म्हणाल्या. "आमच्या डोंगरातली."

मी निम्मी फुलं त्यांच्या ओंजळीत घातली.